अहवालातला शेवटचा रकाना

हेडसरांनी छापील फॉर्म दिलाय.
सहलीचं ठिकाण : हलशी.
विद्यार्थी : बेचाळीस. सोबत शिक्षक : दोन.
(मी आणि गावडेबाई. बाईंना बस लागते,
त्या जाता-येता खिडकीशी लिंबू हुंगत होत्या.)
खर्च : माणशी एकशे दहा,
शिवाय पोरांच्या डब्यातलं जे मी खाल्लं
ते हिशोबात धरलेलं नाही.
शेवटचा रकाना : विद्यार्थी काय शिकले?
खाली दोन ओळींची जागा.

खानापूरच्या स्टँडवर पोरं बसची पाटी वाचत नाहीत,
ड्रायव्हरच्या मिशा ओळखतात.
मीही त्यातलाच. एकोणतीस वर्षं नोकरी झाली
तरी कानडी अक्षरांशी माझी नुसती तोंडओळख,
घरी चहाला बोलवावं इतकी नाही.

कौलांच्या भट्ट्या गेल्या, नंदगड गेलं.
भात कापलेलं, खळ्यांवर मळणी चाललेली,
आणि मागच्या सीटवरून कुणाकुणाच्या मामाचं गाव
दर वळणाला येत होतं.
वर्गातल्या नकाशाची घडी नेमकी आपल्या तालुक्यावरून जाते.
तिथलं कापड विरून भोक पडलंय.
मी वर्षानुवर्षं त्या भोकावर छडी ठेवून
"आपण इथे" म्हणत आलो.

देवळापुढे उभा राहून मी कदंब सुरू केले,
सनावळीसकट.
पोरं शिखरावरचं माकड बघत होती.
कानडी फलक तबस्सुम किल्लेदारनं वाचला
आणि मला मराठीत सांगितला, हळू,
इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं.
हळू बोलते म्हणून वर्गात मी तिला उभी करतो.

आत दोन गाभारे, समोरासमोर.
सुगंधा हुंदरे म्हणाली,
"सर, ह्यांचं भांडण झालं की तोंड कुठं फिरवत असतील?"
सगळी हसली. गावडेबाईसुद्धा.
मी म्हटलं, पुढे चला.

मोजणी केली तर एक्केचाळीस.
मोनाप्पा पात्रुट नव्हता.
इतिहासात त्याला कधी बाराच्या वर मिळालेले नाहीत.
सापडला मागच्या बाजूला,
जिथे कोरीवकाम संपतं आणि नुसता घडलेला दगड उरतो,
जिथे मी आजवर एकही सहल नेली नव्हती.
उकिडवा बसून जोत्यावर बोटं फिरवत होता.
"सर, हा गडी डावखुरा होता बघा."
कोण?
"ज्यानं हे घडवलं त्यो. टाकीचे घाव उलटे पडल्यात की.
बाबांचे असे पडतात," त्यानं हवेत दाखवलं,
"आणि माझे हे असे."
डावा पंजा त्यानं दगडावर ठेवला.

तो हात मला माहीत होता.
पाचवीत असताना त्याच हातात पेन्सिल दिसली म्हणून
मी पट्टी मारली होती, उभी, बोटांच्या पेरांवर.
एकदाच नाही.
चांगल्यासाठीच, असं तेव्हा वाटायचं.
आता तो उजव्या हातानं लिहितो
आणि त्याचं अक्षर कुणालाच लागत नाही.

त्याला आठवत होतं की नाही, कळलं नाही.
त्यानं मला तिसऱ्या थरातला एक घाव दाखवला,
"इथं हात घसरलाय त्याचा,"
आणि हसला, ओळखीच्या माणसाची चूक सापडावी तसा.
मी वाकून बघितलं. गुडघे वाजले.
मला काहीच दिसलं नाही.
"उन्हाच्या बाजूनं बघा की सर."
मग दिसलं.

रात्रीचे अकरा वाजलेत. फॉर्म पुढ्यात आहे.
पेन डाव्या हातात धरून पाहिलं.
"विद्यार्थी" हा एक शब्द लिहिता लिहिता
मनगट भरून आलं,
रफार भलत्याच अक्षरावर बसला
आणि शेवटची वेलांटी रकान्याबाहेर गेली.
उद्या हेडसर चष्मा वर करून विचारतील,
हे कुठल्या पोरानं लिहिलंय?