पान सत्तावन्न

अमळनेरला स्टँडमागे माझं टायपिंगचं दुकान,
झेरॉक्स दोन रुपये, मराठी पान वीस.
उखर्डूआप्पा महाजन आले ते वैशाखात,
कापडी पिशवीत वही, वहीत विहिरी.
चाळीस वर्षं यारी लावून खोदलेल्या,
बोरीकाठच्या, पांझरेपलीकडच्या,
एका विहिरीला एक पान:
किती परस, कुठे मुरूम, कुठे मांजऱ्या,
काळा पाषाण लागला तर किती सुरुंग,
पाणी गोड की मचूळ,
आणि मालकानं पैसे दिले की नुसता चहा.

नंबर निळ्या पेन्सिलीनं घातलेले.
मधेच आठवलेली विहीर एकेचाळीस-अ,
तिच्यामागून आठवलेली एकेचाळीस-ब,
आणि एक तर चिठ्ठीवरच, टाचणीनं टोचलेली,
जिला नंबरच नव्हता,
नुसतं "शिरूडची, गोड".

पहिल्या दिवशी घाईत मी
तळाशी साधा १ टाइप केला.
एकशे बारा पानं, सगळ्यांवर १.
"बठास्ले एकच नंबर?" आप्पा म्हणाले,
"इतल्या पहिल्या कश्या राहतीन?"

खरं होतं. तिथे आकडा लिहायचा नसतो,
आकड्याची जागा सांगायची असते.
मग प्रत्येक पान आपलं आपण मोजून घेतं
आपल्याआधी किती जण उभे आहेत.
तसं केलं. इंग्रजी आकडे आले, ते देवनागरी केले.
मुखपृष्ठाला नंबर नको म्हणून
त्याला वेगळं बसवलं, जसं पंगतीत व्याह्याला.
शिरूडची चिठ्ठी मधे घातली
आणि खालची सगळी पानं एकेक घर सरकली,
कुणीही कुरकुर न करता.
आप्पा हसले. म्हणाले,
एस्टीत अशी माणसं पाहिजेत.

तिसऱ्या दिवशी ते उशिरा आले, बसले नाहीत.
सत्तावन्न काढून टाक म्हणाले.
सत्तावन्न म्हणजे एकतासची. नऊ परस.
एक सुरुंग उशिरा उडाला
आणि जोडीदार भटू वाघ खालीच होता.
त्याचा मुलगा म्हणतो, बापाचं नाव पुस्तकात नको,
लोक पुन्हा विचारत बसतील.

काढलं. एक कळ.
अठ्ठावन्न सत्तावन्न झाली, एकोणसाठ अठ्ठावन्न,
शेवटपर्यंत सगळ्या पुढे आल्या.
भेग नाही, टाका नाही,
जणू त्या दोघींच्या मधे
कधी कुणी उतरलंच नव्हतं.

आप्पा स्क्रीनजवळ आले, चष्मा कपाळावर.
"मंग ते पान कोठे गयं?"
गेलं आप्पा. नंबर आपोआप जुळतात.
"वहीतून फाडलं असतं ना," ते म्हणाले,
"तर एक आकडा गळला असता.
वाचणारा थांबला असता थोडा."

पंखा फिरत होता. मी काही बोलले नाही.
अकरा वर्षं हेच वापरते मी,
त्याची ही सवय मला
आजवर चांगलीच वाटत आली होती.

"आठे एक हीर व्हती," ते म्हणाले,
"इतलं ते राहू दे."

मग मधे एक कोरं पान घातलं.
बाकीच्या निमूट पुन्हा मागे सरकल्या.
वर काही नाही. तळाशी ५७.

प्रिंट निघताना तेही निघालं,
त्याच वेगानं, तसंच कोमट.
हिशेबात मी ते धरलं नाही,
एकशे बारा म्हटलं.
आप्पांनी बोट ओलं करून गठ्ठा मोजला,
मधे एकदा थांबले, पुढे गेले.
"एकशे तेरा शेतस," म्हणाले,
आणि वरचे वीस रुपये
सुटे मोजून दिले.