उठाव

बाटली कोरी आहे. बोहरी आळीतून आणलेली,
अठ्ठावीसला एक, डझन घेतल्या तर चोवीस.
हेमराज कुदळे म्हणाले, साच्याचे तीन लाख सांगतात,
आधी फोटोत तरी नाव उठवून द्या,
दुकानदारांना दाखवायला.

खिडकीपाशी ठेवून फोटो काढला.
नारायण पेठ, दुसरा मजला,
तीन गज, समोर बँकेची पाण्याची टाकी,
सगळं बाटलीच्या पोटावर लांबट, वाकलेलं,
आणि टाकीशेजारी एक काळा ठिपका,
तो म्हणजे कॅमेरा धरलेली मी.

मग अक्षरं टाकली. कुदळे सोडा.
पांढरी, सपाट, दुकानाच्या पाटीसारखी.
बेव्हल दिला. नाव फुगलं,
साबणाच्या वडीवर फुगतं तसं.
सावली दिली, तर काचेपासून सुटून
हवेत तरंगायला लागलं.
रंग काढून घेतला, फिल शून्यावर आणला,
उरली नुसती कड. बरं वाटलं.
पण काच त्या नावाला आपलं म्हणेना.

दुसऱ्या दिवशी कुदळे पुन्हा आले,
रुमालात बांधून एक तुकडा घेऊन.
गंज पेठेतल्या कारखान्याची शेवटची बाटली,
शटर उतरवताना फुटलेली.
त्यावर एवढंच शिल्लक : ळे सो.
"दादांच्या कपाटात होता. जपून, धार आहे."

धार कडेला होती. अक्षरांना नव्हती.
अंगठा फिरवला, तर ळची दोन्ही वेटोळी
चघळून बाहेर काढलेल्या लिमलेटच्या गोळीसारखी.
तुकडा खिडकीकडे धरला तेव्हा कळलं,
उठावाला स्वतःचा रंग नसतो,
तो मागचं जग जरासं सरकवतो, बस्स.
ळच्या आत टाकी उलटी होती.
मात्रेपाशी गज मोडला होता.

मग बाटलीच्याच फोटोची एक करडी प्रत केली,
धूसर केली, आणि तिच्या चढउतारावर
नाव वाकवलं. शिरोरेषा आधी कुरकुरली,
फूटपट्टीनं आखून घ्यायची सवय तिला,
मग पोटाला धरून वळली.
एकेका अक्षराखाली खिडकीचा तुकडा कापून
उलटा ठेवला, दोन पिक्सेल खाली.
उजळ कड डावीकडे, कारण खिडकी डावीकडे.
कु इतका कडेला गेला की अर्धा अंदाजानंच वाचायचा.
शेवटी साच्याची शिवण,
जी बाटलीला होती पण नावाला नव्हती,
तीही डा वरून ओढली.
सत्तावीस लेअर. रात्रीचे पावणेदोन.
खाली केळकर रस्त्यावर कुणीतरी
स्कूटरला किक मारून मारून थकलेला.

कुदळे म्हणाले, ती रेघ काढा, खराब दिसते.
म्हटलं, काढली तर नाव खोटं दिसेल.
ते गप्प बसले. खोटंच आहे, असं
दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही.

गुरुवारी फोन आला. प्रिंट दादांना दाखवली.
चष्मा न लावता त्यांनी कागदावर नख फिरवलं,
कु पासून डा पर्यंत, सावकाश,
मग कागद पालथा करून मागूनही पाहिला.
म्हणाले, साचा कोणी कोरला?
हात चांगला आहे. पण ळ आपला नाही.
आणि मग, हसून की चिडून, फोनवर समजलं नाही :
नावाला उठाव आलाय, आता मालाला बघा.

बिल पाठवलं आहे. साडेचार हजार, ळ सुधारून.
फाइलचं नाव "कुदळे फायनल सात".
तुकडा न्यायला अजून कोणी आलेलं नाही.
कोऱ्या बाटलीत मी पिण्याचं पाणी भरून ठेवते.
उचलताना अंगठा आपोआप तिच्या पोटावर जातो
आणि घसरतो.