मुदत

आजाराचं नाव एखाद्या फ्लॅटच्या नंबरासारखं: सी-थ्री.
पुढे एक लांबलचक शब्द आहे,
तो अजून माझ्या जिभेवर बसत नाही.
खर्शीकर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लाखात एखाद-दोघांना,
आणि मला उगाच वाटलं, त्या अभिनंदन करतायत.

मग त्यांनी कागदावर गाळणी काढली,
चहाची असते तशी, दांड्यासकट.
जाळी शाबूत आहे म्हणाल्या, पण साका बसतोय.
साका कुठला, तर माझ्याच रक्तातला,
माझ्याच राखणीला नेमलेलं काहीतरी,
ज्याला 'आता पुरे' म्हणणारं कुणी उरलं नाही.

"पुढे?"
"दहा वर्षांत साधारण निम्म्यांची मूत्रपिंडं थकतात."
"आणि उरलेले निम्मे?"
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
म्हणाल्या, नवं बसवलं तरी
हा तिथेही राहायला येऊ शकतो.

लक्ष्मी रोडला सहकारी बँकेत मी कर्जखात्यात बसतो.
दिवसातून वीसदा विचारतो, मुदत किती घेताय?
माणसं बेधडक सांगतात.
परवा धायरीचा एक पोरगा
बायकोकडे न बघताच म्हणाला, तीस वर्षं.
मी तीस टाकले.

दर तीन महिन्यांनी चोवीस तासांची लघवी जमवायची.
पाच लिटरचा पांढरा कॅन, कापडी पिशवीत,
वर मेथीची जुडी, शोभेला.
वारज्याहून बस. डेक्कनच्या आधी कंडक्टर वाकून बघतो:
"घाण्याचं तेल का, काका?"
हो म्हणालो. शेंगदाण्याचं.
"कसं लिटर?"
मी भाव सांगितला.
महाग पडलं तुम्हाला, म्हणाला.

रास्ता पेठेतल्या बाकावर यासीन तांबोळी भेटतात.
बोहरी आळीत कुलपांचं दुकान,
आणि याच फ्लॅटमध्ये चौदावं वर्ष.
"म्हणजे तुम्ही त्या बऱ्या निम्म्यातले."
"कुणी सांगितलं? मला तर रोज सकाळी बघावं लागतं
फेस किती आलाय."
मग डबा उघडला. अळणी भाकरी, अळणी दुधी.
"तीन वर्षांनी भाकरीची चव कळायला लागते," म्हणाले,
"त्याआधी नुसती चावायची."

घरी रेवतीने लोणच्याची बरणी
कपाटावर बॅगांच्या मागे ठेवलीय.
मला माहीत आहे. तिला माहीत आहे की मला माहीत आहे.
"काय म्हणाल्या?"
"तीन महिन्यांनी बोलावलंय."
हे खोटं नव्हतं.
क्रिएटिनिन एक पॉइंट सहा,
मागच्या वेळीही एक पॉइंट सहा.
तो कागद मी दोनदा घडी करून
पाकिटात ठेवला, पासच्या मागे.

मार्चमध्ये लेकीच्या फीसाठी स्टाफ लोनचा अर्ज भरला.
मुदतीच्या रकान्यापाशी पेन थांबलं,
माझंच, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
शेजारी जोगळेकर शिक्के मारत होते, ठप्प, ठप्प.
लिहिलं: एकशे वीस महिने.

खाली जामीनदार.
बोहरी आळीत गेलो. तांबोळी हसले,
"मी? अहो, मला कोण विचारतंय!"
दुकानभर कुलपं, प्रत्येकाला दोरीने बांधलेली आपापली किल्ली.
चष्मा शोधला. अर्ज पूर्ण वाचला, मागची बारीक अक्षरंही.
मग सही करता करता
एवढंच विचारलं,
हप्ता कितीचा बसतो?