दुसऱ्या खटक्यात

पहिल्या खटक्यात तो चालू होत नाही.
पंखा अर्धा फेरा घेतो, लाल दिवा लुकलुकतो
आणि सगळं परत गप्प.
मग बारा मोजायचे. घाई करायची नाही.
दुसऱ्या खटक्यात उठतो,
जसं काही आधी कुणी हाकच मारली नव्हती.

सुटे भाग मी दीड वर्ष जमवले.
मदरबोर्ड अमरावतीहून, कुणाचा तरी उतरवलेला.
ग्राफिक्स कार्ड पुलगावच्या कुरिअरवाल्याकडून
एसटीत मांडीवर घेऊन आणलं.
कंडक्टर म्हणाला, काच हाये का वं?
मी हो म्हटलं, समजावून कोण सांगणार.
कॅबिनेटला एक बाजू नव्हतीच.
बाबांनी तिथं जुन्या कूलरची जाळी कापून ठोकली.

बाबा जळालेल्या मोटारी बांधतात.
रोहण्यातल्या निम्म्या विहिरींचं पाणी
त्यांनी गुंडाळलेल्या तांब्यावरून वर येतं.
माझ्या कॉम्प्युटरला ते हात लावत नाहीत.
"तुह्यं काम बारीक, माह्ये बोटं जाड,"
आणि खाटेवर पडून ऐकतात.

एक बीप म्हणजे ठीक. तीन म्हणजे रॅम.
हे मी त्यांना कधीच शिकवलं नाही.
मी टेबलाखाली वाकायच्या आत पलीकडून येतं,
"तीन वाजले वं. पट्टी काढ. खोडरबरानं घास."
दहावीतला खोडरबर, त्याला अजून शाईचा वास.
सोनेरी दात चकचकीत करायचे,
पट्टी परत खाचेत दाबायची
दोन्ही बाजूंनी कट् वाजेस्तोवर.

डिसेंबरात जिनिंग सुरू झालं की
पंख्याच्या पात्यांना रुईची दाढी येते.
सायकलच्या पंपानं हवा मारते.
मे महिन्यात निराळंच:
बाहेर सेहेचाळीस, प्रोसेसर पंच्याण्णव,
आणि गेममध्ये मी बर्फाचा डोंगर चढतेय.
शिखर दोन पावलांवर असताना
स्क्रीन गोठली.

लाइन रात्रभर गेली की
कॉम्प्युटर एक जानेवारी दोन हजार पंधरात जागा होतो.
सर्व्हर दारातच अडवतो: तुमची वेळ जुळत नाही.
नखाएवढा सेल मेलेला, पण गावात मिळेना.
शेवटी बोबडे सोनारानं
आपल्या छोट्या काट्यातला काढून दिला.
"वजन उद्या करीन," म्हणाले, "तू आजची तारीख लाव."

मग घरघर सुरू झाली.
तेव्हा मात्र बाबा उठले.
पेचकसाचं टोक पंख्याच्या मधोमध टेकवलं,
मूठ कानाला. डोळे मिटले.
पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीला लावतात तसाच कान
माझ्या तळहाताएवढ्या पंख्याला.
"बेरिंग नाही याले. बुश हाये. कोरडं पडलं."
स्टिकर सोलला,
आईच्या शिलाई मशीनचं तेल, एकच थेंब.
घरघर थांबली.
त्यानंतर कितीतरी वेळ ते पेचकस हातात घेऊन बसले होते,
आणखी काही ऐकायचं असल्यासारखे.

बाकी सगळं जमलं. तो पहिला खटका तेवढा जमला नाही.
पॉवर सप्लाय बदलला, बटणाची तार बदलली,
बायोस दोनदा नव्यानं टाकलं.
टीममधली पोरं हेडफोनमध्ये वाट पाहतात,
त्यातलं एक नांदेडचं, दुसरं कुठलं ते सांगत नाही.
दोघंही माझ्यासोबत बारा मोजतात.
"राहू दे," बाबा म्हणाले,
"टोंगसेच्या मोटारीले मी वीस वर्षं हातानं ढकलतो.
चालते ना?"

काल संध्याकाळी लाइन आली.
बटण दाबलं.
पंखा फिरला, फिरतच राहिला.
एक बीप. स्क्रीन लख्ख.
पहिल्याच खटक्यात.

मी खुर्चीतून हलले नाही.
पलीकडे खाट करकरली.
"काऊन वं? का झालं त्याले?"
"काही नाही, बाबा."
"पण पहिल्यातच लागला ना?"
"हो."
जरा वेळ कुणीच बोललं नाही.
"बंद कर," ते म्हणाले, "पाहू दे."

बंद केला.
दोन्ही खोल्यांत आम्ही बारा मोजू लागलो.