पस्तिसाच्या पुढचा

सोहारच्या बंदरात रात्रपाळी संपली की
होडेकरचाचा बूट न काढताच खाटेवर बसतात.
मी डिलिव्हरी नोटच्या कोऱ्या पाठीवर
झाड काढत असतो. गुरुवारी मुलाखत आहे.

"मूळ वर, फांद्या खाली?
कुठल्या गुन्ह्यासाठी टांगलंस रे बिचाऱ्याला?"

माथ्यावर चाळीस. डावीकडे वीस, उजवीकडे साठ.
विसाच्या उजवीकडे तीस, तिसाच्या उजवीकडे पस्तीस.
साठाच्या डावीकडे पन्नास, पन्नासाच्या डावीकडे पंचेचाळीस.
लहान तो डावा, मोठा तो उजवा. एवढाच कायदा.
विचारतात एकच, चाचा : अमक्याच्या पुढचा कोण?
सगळ्यांत मोठा नव्हे. जेमतेम मोठा. लगेचचा.

चाळिसाचं सोपं आहे.
एकदाच उजवीकडे उतरायचं,
मग डावीकडे, डावीकडे, वाट संपेपर्यंत.
पंचेचाळीस.
"आमच्या खाडीत असंच. होडी एकदा बाहेर काढली
की डावा काठ सोडायचा नाही."

आणि पस्तीस?
त्याच्या उजवीकडे कुणी नाही, म्हणून वर चढायचं.
तीस : आपण त्याच्या उजवे. तो मागेच पडला.
वीस : तोही.
चाळीस : इथे आपण डावीकडून आलो.
थांबायचं. हाच.

पण नोडला वरचं काही ठाऊक नसतं,
त्याच्यापाशी फक्त खालच्यांचे पत्ते.
मग माथ्यापासून पुन्हा निघायचं पस्तीस शोधत,
आणि जिथे शेवटचं डावीकडे वळलो
ते ठिकाण तेवढं मुठीत धरून ठेवायचं.

चाचा नाडी सोडता सोडता थांबतात.
एसीचं पाणी बादलीत टपटपतं.
"अंजनवेल," ते म्हणतात. "मशिदीच्या कोपऱ्यावर.
एसटी डावीकडे वळली
आणि आई उजव्या खिडकीत राहिली."

मी पेन्सिलीला टोक काढतो.

"साठाच्या पुढचा कोण ते सांग.
मला पुढच्या महिन्यात साठ."

उजवीकडे कुणी नाही.
वर चाळीस, आणि आपण त्याच्या उजवे.
चाळिसाच्या वर कागदच संपतो.

"मग तिथे लिहायचं काय?"
नल.
"नळ?"
ते बादलीकडे बघतात. काठोकाठ भरली आहे.
एका पायात बूट, तसेच उठतात,
ओतायला नेतात.