दिवेलागणीला नखं

ग्रिम्सबीत डिसेंबरात
पावणेचारला दिवे लागतात
आणि माझी ड्यूटी सुरू होते दोनला.

दिवेलागणीला नखं कापू नयेत,
शनिवारी नयेत, अवसेला तर नाहीच.
सगळं पाळायचं म्हटलं
तर बेरिल स्टॅम्पची नखं वाढत जातील
थेट समुद्रापर्यंत,
जिथे तिचा नवरा ट्रॉलरवर गेला
आणि मग आलं ते फक्त पत्र,
बोट बुडाल्या दिवसापासून पगार बंद असल्याचं.

मी पडदा ओढून घेते.
लक्ष्मीला यायचंच असेल तर येईल मागल्या दाराने.
तिलाही इथे मोजे लागतील.

टबात कोमट पाणी,
कोपर बुडवून बघितलेलं, बाळंतिणीच्या खोलीतल्यासारखं.
दहा मिनिटं पावलं भिजू द्यायची.
मग बेचक्यांतलं पाणी पुसायचं नाही, टिपायचं,
असं ट्रेनिंगला सांगितलं होतं.
मला तेव्हा अंगणातल्या चिमण्या आठवल्या होत्या
आणि मी नको तिथे हसले होते.

कातड्याचे जोडे करून घातले तरी
उपकार फिटायचे नाहीत, म्हणतो आपण.
बेरिलच्या कातड्याचे काहीच होणार नाही.
कांद्याचा आतला पापुद्रा असतो ना, तसं ते,
खालची निळी शीर वाचता येते.
बाहीचं बटण लागलं तरी फाटतं.
म्हणून घड्याळ काढून ठेवते, अंगठी काढून ठेवते,
आवाजही थोडा काढून ठेवते.

चाळीस वर्षं हिने हॅडक कापले,
बर्फाच्या पाण्यात, फळीशी उभं राहून.
डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं:
एकदा सुरी मासा सोडून इकडे वळली.
ते पुन्हा जुळलं नाही,
दर महिन्याला दोन फाट्यांनी उगवतं.
तिथे मी नेलकटर नेते तेव्हा ती बघते माझ्याकडे,
कामावर पहिल्या दिवशी आलेल्या पोरीकडे बघावं तसं.
‘सुरी स्वतःकडे ओढू नकोस.’
नाही ओढत, म्हणते मी.
कट्.
करंगळीचा तुकडा उडाला, कुठे गेला कळलं नाही.

क्रीम लावायला हात पुढे केले
आणि तिने माझेच धरले.
तासातासाला सॅनिटायझर,
पेरापेरावर लाल चिरा, एकीतून रक्तही.
‘हातमोजे कुठेत तुझे?
मीठ शिरेल त्यात. फोरमनला सांगितलंस?’
मी सांगितलं नव्हतं.
फोरमन नाही, फळी नाही, मासे नाहीत, हे मी तिला
मंगळवारीच सांगून झालं होतं.
ट्यूबवर लिहिलंय, नखभर पुरे.
तिने मूठभर पिळलं,
अर्धं तिच्या गाऊनवर, अर्धं माझ्या मनगटापर्यंत,
आणि चोळत राहिली, बऱ्यापैकी जोरात,
दुसऱ्या कुणाचे हात कधी फुटलेच नसावेत तशी.
हे नियमात बसतं की नाही, विचारायला हवं.
अजून विचारलेलं नाही.

नोंद केली:
नखं कापली, हातापायांची. उजव्या टाचेवर लाली, लक्ष ठेवावे.
त्वचा शाबूत.
मग गुडघ्यांवर बसून रेडिएटरखाली बॅटरी मारली.
बटण सापडलं, एक गोळी सापडली (तीही नोंदवली),
तो तुकडा नाही सापडला.

घरात नख पडून राहिलं की भांडण होतं.
मी असलं काही मानत नाही.

रात्री दहाला कोट चढवताना
चौदा नंबरातून आरडाओरडा ऐकू आला:
रविवार उद्यावर आलाय
आणि नाइट ड्यूटीचा फेमी,
सहा फूट दोन इंच, डोक्याचा तुळतुळीत गोटा,
तिच्या मूठभर पांढऱ्या केसांत
रोलर उलटे गुंडाळत होता.