अकरा पावलं

जॉब-कार्डाच्या पाठीवर
आखला मी पहिला मॅप:
लाल झेंडा उद्यमनगरच्या फाउंड्रीत,
निळा जयंती नाल्यापल्याड,
मधे पत्र्याच्या शेड, भंगार, एक चोरवाट.

पप्पांनी लेथ थांबवून बघितलं.
"दोन्हीकडनं अंतर सारखं हाय न्हवं?
न्हाईतर जॉब रिजेक्ट."

मोजलं.
निळ्याला अकरा पावलं जास्त.
रात्रभर नाला सरकवत बसलो.

फाइल पाठवली तिघांना:
इर्शाद, धैर्यशील, सुयोग.
सुयोगच्या जागी खेळायला बसली त्याची बहीण
आणि पहिल्याच डावात
मी जोडायची विसरलेल्या दोन भिंतींच्या फटीतनं
झेंडा घेऊन पसार.

"भावा, मॅपला भोक हाय तुझ्या!"

बुजवणार होतो, खरंच.
पण आता सगळे तिथनंच जातात,
आणि नावसुद्धा पडलंय,
शर्वरीचा बोळ.